जुन्नर दोन दिवसांत बघायचं तर आधी पूर्व-पश्चिम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून सहा जणांचं कुटुंब येणार आहे. त्यात पासष्टीपुढचे आजी-आजोबा आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं. हाताशी दोन दिवस आणि एक रात्र. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, खोडदची दुर्बीण एवढं बघायचं आहे, शिवाय मुलांना शेती दाखवायची आहे. केव्हा यावं आणि कसं आखावं?

एवढं सगळं दोन दिवसांत होत नाही. ओढूनताणून केलं तर निम्मा वेळ गाडीत जातो आणि शेती फक्त काचेतून दिसते. जुन्नर हा एक तालुका असला तरी बघायला दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची धार, धो धो पाऊस, भातखाचरं, महादेव कोळी समाजाच्या वाड्या, हिरड्याची झाडं. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभी राहिलेली द्राक्षं, टोमॅटो, ऊस, कांदा. आणि त्याच्याही पलीकडे आणे पठाराचा कोरडा, उघडा माळ. मधोमध जुन्नर शहर आणि त्याला वेढून बसलेली लेणी. एका दिवसात एक बाजू धरा, म्हणजे दोन्ही दिवस समाधानाचे जातात. माळशेज वेगळं बघायला जाऊ नका. मुंबईहून येताना कल्याण-मुरबाडमार्गे तोच रस्ता आहे, वाटेत बघून होतो.

आता महिना. इथे महिना पिकावरून ठरवावा, सुट्टीवरून ठरवला की निराशा पदरी पडते. द्राक्षाचा मळा बघायला कोणी जूनमध्ये आलं तर फक्त पानं आणि काड्या दिसतात. भातशेती बघायला फेब्रुवारीत आलं तर खाचरं कोरडी ठक्क आणि धबधब्यांच्या जागी काळा कातळ. तुमच्यासारख्या वयांच्या मंडळींसाठी दोन काळ उत्तम आहेत. पहिला ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला असतो, पश्चिमेला भात पिवळा पडून सोंगणी म्हणजे कापणी चालू असते, धरणं भरलेली असतात आणि पूर्वेला द्राक्षबागांची फळछाटणी नुकतीच झालेली असते. दुसरा काळ फेब्रुवारी. द्राक्षाचा तोडा ऐन भरात, हवा थंड, रस्ते कोरडे. पश्चिमेची हिरवळ मात्र तेव्हा नसते. फेब्रुवारीत आलात तर 19 तारीख आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा दिवस टाळा. शिवजयंतीला शिवनेरीवर लाखाने माणूस येतो, वाहनं खूप अलीकडे अडवतात आणि वयस्कर माणसांना फार चालावं लागतं. त्या सोहळ्यासाठीच यायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग गडाशिवाय दुसरं काही त्या दिवसात धरू नका.

जुलै-ऑगस्टचं आकर्षण सगळ्यांना असतं, तेही बोलू. हा भाग पावसात खरोखर देखणा असतो, पण आजी-आजोबा आणि लहान मुलं घेऊन शनिवार-रविवारी नाणेघाट किंवा माळशेज गाठणं म्हणजे अरुंद रस्त्यावर तासन् तास अडकणं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी चौलहून घाट चढून जुन्नरात आला आणि पावसाळाभर इथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पश्चिम पट्ट्यातला पाऊस आजही तसाच आहे. पावसाळ्यात यायचंच असेल तर मधल्या वारी या, एकच ठिकाण धरा आणि निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचे आदेश बघा. धबधबे, धरणं, कडे या ठिकाणी पावसाळ्यात प्रतिबंधात्मक आदेश निघतात, ते दरवर्षी आणि ठिकाणागणिक बदलतात. गावात पोहोचल्यावर परत फिरवलं की दिवस वाया जातो.

माळशेज घाट मुंबईकडून येताना चढणीचा आहे आणि धुक्यात मागच्या गाडीला तुम्ही उशिरा दिसता. दिवे लावून ठेवा, पण चारही इंडिकेटर एकदम लावून चालवू नका, वळताना मागच्याला कळत नाही. धबधब्याखाली गाडी थांबवायचा मोह आवरा. वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. बोगदा ओलांडून वर पठारावर आल्यावर पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसू लागतं, तिथे सुरक्षित जागी थांबा. पाणी ओसरू लागलं की या काठांवर रोहित पक्षी दिसतात. दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा, कारण पक्षी लांब असतात आणि जवळ गेलं की उडतात. घाट बंद असेल तर पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, मंचर, नारायणगाव असं यावं लागतं. अंतर वाढतं, पण वाहन हाकायला तो रस्ता सोपा आहे.

पहिला दिवस मुंबईहून येता त्या दिशेने पश्चिम आणि मध्य भागाला द्या. पहाटे पाचला निघालात तर माळशेज चढून, बनकरफाट्यावरून जुन्नरकडे वळून साडेनऊ-दहापर्यंत लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचता. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. चढ सलग आहे, पण बांधीव आहे आणि कठडा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी करावी. कठडा धरून तिरकं उतरलं की ताण कमी येतो. डोली मिळते, दर बसण्याआधी ठरवा. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिकीट लागतं. माकडं भरपूर आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी, केळं, बिस्किटाचा पुडा काहीही दिसता कामा नये. चष्माही ओढून नेतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की माकडाकडे बघून हसायचं नाही आणि पळायचं नाही.

इथे बहुतेक लोक गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि उतरतात. हा गणपती ज्या सातव्या लेण्यात आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचं विहार आहे. एवढ्या मोठ्या सभागृहाला मध्ये एकही खांब नाही आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आहेत. दर्शन झालं की शेजारच्या सहाव्या लेण्यात जरूर जा. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांवर बसलेले हत्ती-सिंह-बैल आणि टोकाला स्तूप. मुलांना एवढंच करायला सांगा: खांबावरचे प्राणी ओळखून मोजायचे. ती रमतात आणि मोठ्यांना शांतपणे बघायला मिळतं. जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. महाराष्ट्रात एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडे नाहीत. कारण सरळ आहे, कोकणातली बंदरं आणि देशावरच्या बाजारपेठा यांच्यामध्ये नाणेघाटाची वाट होती आणि जुन्नर तिच्या माथ्यावरचं मोठं पेठेचं गाव होतं. व्यापाऱ्यांनी, धान्यविक्रेत्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणींनी म्हणजे संघांनी दिलेल्या दानांचे शिलालेख या लेण्यांत आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी पाडळीजवळच्या तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह बघावं. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा खांबांचं कडं आणि वर घुमटासारखं छत, अशी रचना फार दुर्मीळ आहे. तिथे गर्दी नसते, पण वाट शेतातून जाते आणि शेवटचा भाग चढाचा आहे.

शिवनेरी. 2025 साली युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात हा आहे, त्यामुळे गर्दी आता वर्षभर असते. दोन वाटा आहेत. गाडीरस्त्याने जी पायऱ्यांची वाट लागते ती सात दरवाज्यांमधून जाते: महादरवाजा, परवानगी म्हणजे गणेश दरवाजा, पीर दरवाजा, हत्ती दरवाजा, शिवाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलूप दरवाजा. ही वाट सगळ्यांनी घ्यावी. दुसरी साखळीची वाट, खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि धरायला साखळी. ती मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन करू नका, आणि पावसात तर कुणीच करू नये. निवांत चढून, बघून, उतरायला तीन तास धरा. पाचवा दरवाजा ओलांडला की शिवाई देवीचं मंदिर लागतं. आजी-आजोबा थकले तर तिथे सावलीत बसू शकतात. वर अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, शिवकुंज, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव आणि अगदी टोकाला कडेलोट. कडेलोटाच्या टोकाला वारा जोराचा असतो, मुलांचा हात सोडू नका. दुपारी बारा ते तीन चढू नये. माथा उघडा आहे. माणशी दीड लिटर पाणी खालून घ्या.

शिवनेरी आणि लेण्याद्री या दोन्ही ठिकाणी आग्या मोहोळं आहेत आणि पर्यटकांवर मधमाश्यांचे हल्ले झालेले आहेत. हे नीट वाचा. धूर, फटाके, उग्र अत्तर, ड्रोनचा आवाज आणि दगड मारणं यांनी माश्या उठतात. माश्या उठल्याच तर हात हलवू नका, मारू नका. एक माशी चिरडली की तिच्या वासाने बाकीच्या येतात. उपरणं, ओढणी, जर्किन जे असेल त्याने तोंड, नाक, कान झाका आणि मोहोळापासून लांब, शक्यतो बंदिस्त जागेत जा. पायऱ्यांवर पळू नका, बरेच जण माश्यांपेक्षा पडण्याने जखमी होतात. रुतलेला काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. दहापेक्षा जास्त डंख, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, चक्कर यांपैकी काही झालं तर थांबू नका. जुन्नर आणि नारायणगाव दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालय आहे, 108 ला फोन करा.

लेण्याद्री आणि शिवनेरी एकाच दिवशी चढणं ज्येष्ठांना जड जातं. माझा सल्ला: सकाळी लेण्याद्री सगळ्यांनी, दुपारी जेवून विश्रांती, आणि साडेतीननंतर शिवनेरी फक्त ज्यांना झेपेल त्यांनी. उरलेल्यांनी जुन्नर शहराच्या पूर्वेला हापूसबाग इथला सौदागर घुमट आणि हबशी महाल बघावा. चढ नाही, गर्दी नाही आणि जुन्नरच्या निजामशाही काळाची खूण तिथे समोर उभी आहे. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही उभी केली ती जुन्नरातून. घुमटाच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम बघत अर्धा तास सहज जातो. रविवारी सकाळी जुन्नरात असाल तर आठवडे बाजारही गाठता येतो. पश्चिमेच्या वाड्यांतून आलेल्या बाया रानभाज्या, नाचणी, हातसडीचे तांदूळ घेऊन बसतात. सकाळी अकराच्या आत जा.

नाणेघाट पहिल्या दिवशी धरू नका, बघायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी पूर्वेऐवजी तो धरा. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असा तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्याला एका बाजूने तास-सव्वा तास लागतो. नकाशावर घाटघर टाकताना एक काळजी घ्या: भंडारदऱ्याजवळ अकोले तालुक्यातही घाटघर आहे आणि गाड्या तिकडे जाऊन पोहोचल्याची उदाहरणं आहेत. 'नाणेघाट, जुन्नर' असंच टाका. जुन्नर सोडण्याआधी इंधन भरून घेतलेलं बरं, रोख पैसेही जवळ ठेवा. चावंडच्या पुढे मोबाइलचा भरवसा नाही, त्यामुळे ऑनलाइन पैसे जात नाहीत.

नाणेघाटात गाडी थेट माथ्यापर्यंत जाते, म्हणून ज्येष्ठांनाही हे ठिकाण जमतं. मोठा दगडी रांजण समोरच आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं परंपरा सांगते. खिंडीतून कोकणाच्या बाजूला काही पायऱ्या उतरलं की सातवाहनांचं लेणं येतं. भिंतींवरचा लांबलचक ब्राह्मी लेख नागनिका राणीचा आहे. त्यात केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा यांची यादी आहे, गाई किती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी किती, हे आकड्यांत लिहिलेलं आहे. भारतातल्या अंकचिन्हांच्या इतिहासात हा लेख फार महत्त्वाचा मानतात. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज ते नाहीत, फक्त डोक्याच्या जागी वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा उरल्या आहेत. जाळी आहे, आत हात घालू नका, खडूने अक्षरं ठळक करायचा प्रयत्न तर अजिबात नको. दगडाचा थर त्याने सुटतो. दोन हजार वर्षं टिकलेली अक्षरं आपल्या एका फोटोसाठी झिजावीत, हे कुणालाच शोभत नाही.

उलटा धबधबा हा जुलै-ऑगस्टचा, आणि तोही रोज दिसत नाही. कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून वर उसळतो, पाणी बेताचं असेल तर ते त्याच्याबरोबर वर उडतं. वारा पडला किंवा पाणी फार वाढलं की धबधबा सरळ खालीच जातो. वाट बघावी लागते. आणि जो वारा पाणी वर उडवतो तो माणसालाही ढकलतो. धुक्यात कड्याची धार दिसत नाही, शेवाळलेला कातळ बुटाखाली साबणासारखा सरकतो. कड्यापासून निदान पंधरा-वीस पावलं मागे राहून बघावं, लहान मूल कडेवर घेऊन पुढे जाऊ नये.

त्याच रस्त्यावर चावंडच्या पलीकडे पूर गावात कुकडेश्वराचं दगडी मंदिर आहे. कुकडी नदी इथे उगम पावते. पुढे धरणांतून अडवलेलं हेच पाणी खालच्या द्राक्षमळ्यात जातं, म्हणून मुलांना हे ठिकाण आधी दाखवावं आणि मळा नंतर. मंदिरावरचं कोरीव काम जवळून बघता येतं, चढ नाही, अर्धा तास पुरतो. चावंड किल्ला मात्र या प्रवासात नको. कोरीव पायऱ्या खड्या आहेत, रेलिंग असलं तरी दम लागतो. जीवधनही तसाच. दोन्ही किल्ले धडधाकट मंडळींनी वेगळा दिवस काढून करावेत.

पश्चिमेला शेती बघायची तर ती अंगणातून आणि बांधावरून बघावी. जूनच्या आरंभी पेरलेली रोपं जुलैत उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात, ही आवणी. लोकांना 'चिखलात उतरून भातलावणी' करायची हौस असते. यजमान हो म्हणाला तर एका कोपऱ्यातल्या छोट्या खाचरात उतरा, सगळ्या शेतात पसरू नका. अनोळखी माणूस रोप फार खोल खोचतो आणि ते फुटव्याला मागे पडतं. पायाला जखम, चिखल्या असतील तर उतरूच नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. बाहेर आल्यावर पाय साबणाने धुवा. बांधावर एकामागे एक चाला. बांध फुटला तर वरच्या खाचराचं पाणी खाली जातं आणि त्या माणसाची दिवसभराची मेहनत जाते. ऑक्टोबरअखेरच्या सोंगणीला हे धोके नसतात, पेंढ्या बांधणं आणि झोडणी मुलं आनंदाने बघतात. नाचणी, वरई, खुरासणीची पिवळी फुलं याच सुमाराला. उन्हाळ्यात आलात तर अंगणात वाळत घातलेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, दिसेल. इथल्या कुटुंबांचं हे हातात रोख पैसा आणणारं मुख्य रानपीक आहे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची पुष्कळ झाडं पडली. झाड मोठं व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे तो घाव अजून भरलेला नाही. वाळत घातलेल्या हिरड्यावरून गाडी नेऊ नका, रस्त्याकडेलाही तो पसरलेला असतो.

दुसरा दिवस पूर्वेचा. मुक्काम नारायणगाव, ओझर किंवा जुन्नर परिसरातल्या शेतावर करा. कृषी पर्यटन म्हणून आज पुष्कळ ठिकाणी पाटी असते, पण काही ठिकाणी शेती नावाला आणि जलतरण तलाव गावाला दिसेल असा. फोनवर तीन गोष्टी विचारा. तुमच्या तारखेला शेतात काय उभं आहे? यजमान कुटुंब स्वतः तिथे राहतं का? आणि रात्री खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत उघड्यावरून जावं लागतं का? तिसऱ्या प्रश्नाचं कारण पुढे सांगतो. 2020 च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, ती आहे का तेही विचारा. जेवणात मासवडी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा. बेसन मसाल्याच्या पाण्यात घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरून वळायचं आणि वड्या कापून झणझणीत रश्श्यासोबत द्यायच्या, याला वेळ लागतो. पूर्ण शाकाहारी पदार्थ आहे. रस्सा मुलांसाठी वेगळा, कमी तिखट करायला सांगा. सोबत बाजरीची भाकरी.

द्राक्षबाग. वर्षात दोन छाटण्या होतात: एप्रिलमध्ये तोडा संपल्यावर खरड छाटणी, म्हणजे पुढच्या वर्षीची काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीनंतर वाणाप्रमाणे साधारण चार महिन्यांनी घड तोडायला येतो. फळछाटणीनंतर लगेच काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती विषारी आहे. पेस्टिंग चालू असलेल्या बागेत मुलांना नेऊ नका. डिसेंबरात विरळणी आणि संजीवकात (वाढीच्या द्रावणात) घड बुडवणं चालू असतं, तेव्हा बाग हिरवीगार आणि बघायला सुंदर. जानेवारीअखेर ते मार्च तोडा. या भागातल्या लांबट, काळ्या, मोठ्या मण्यांच्या वाणांना बाजारात चांगला भाव आहे आणि त्या भावाचं मोठं कारण मण्यावरची मेणासारखी पांढुरकी पूड. बोट लागलं की ती पुसली जाते, घडाची प्रत उतरते. म्हणून घड हातात धरून फोटो काढायचा नाही. तोडायचा असेल तर यजमान दाखवेल तोच घड, देठाला धरून, कात्रीने. तोडलेला घड न धुता तोंडात टाकू नका. फवारणीनंतर ठरावीक दिवस गेल्याशिवाय फळ खाता येत नाही आणि कोणत्या ओळीत कधी फवारलं हे फक्त मळेवाल्यालाच माहीत असतं. निर्यातीची बाग असेल तर ती नोंदणीकृत असते, फवारलेल्या औषधांच्या उर्वरित अंशांची तपासणी होते. अशा बागेत शेतकरी नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. रस्त्याने जाताना कोणाच्याही बागेत शिरणं हा तर सरळ नुकसानीचा प्रकार आहे.

टोमॅटो बघायचा तर उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. वीस किलोच्या क्रेटांच्या राशी, देशभरातले खरेदीदार, ट्रकांच्या रांगा. आत गाडी नेऊ नका, लिलाव चालू असताना व्यापारी आणि शेतकरी यांच्या मध्ये उभं राहून चित्रण करू नका. पंधरा मिनिटं कडेला उभं राहिलं तरी कळतं की भाजीचा भाव कसा ठरतो. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजारही असाच बघण्यासारखा. मे महिन्याच्या शेवटी आलात तर येणेरे-कुसूर पट्ट्यातला हापूस मिळतो, कोकणचा संपत आला की हा सुरू होतो. गुढीपाडव्याच्या आधीचे दिवस असतील तर नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे यात्रा समितीचे लोक इथे येऊन सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. राहुटी हे कामाचं ठिकाण आहे, कलावंतांचे फोटो विचारूनच घ्या.

आता बिबट्या. घाबरवायला सांगत नाही, पण लपवणंही बरोबर नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसातच जन्मून उसातच वाढणाऱ्या बिबट्यांच्या पिढ्या या पट्ट्यात झाल्या. माणसांवर हल्ले होतात आणि त्यात मुलं जास्त सापडतात, कारण वाकलेली किंवा बुटकी आकृती बिबट्याला सावजासारखी वाटते. संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे मुलांना अंगणाबाहेर एकटं सोडू नका. उघड्यावर शौचाला किंवा शेकोटीसाठी काटक्या आणायला अंधारात जाऊ नका. चालावं लागलंच तर दोघा-तिघांनी, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत. ऊस रस्त्याला लागून असेल तिथे गाडी थांबवून उतरू नका. तोडणीच्या दिवसांत उसात पिल्लं सापडतात. हात लावायचा नाही, फोटोसाठी गोळा व्हायचं नाही, वन विभागाला 1926 वर कळवायचं. पिल्लू तिथेच राहिलं तर आई रात्री येऊन घेऊन जाते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते प्राणिसंग्रहालय नाही. मुलांना तिथे बिबट्या दाखवायचं कबूल करून बसू नका.

ओझरचा विघ्नहर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर घ्या. चढ नाही, गाडी जवळ जाते, मागे येडगाव धरणाचा फुगवटा. चतुर्थीला आणि सुट्टीच्या रविवारी रांग लांबते. तिथून खोडदला जाता येतं. जीएमआरटी या तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा मध्यभागी एकत्र आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. आत जायला आधी परवानगी लागते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती सर्वांसाठी खुली असते आणि शाळांच्या प्रयोगांचं मोठं प्रदर्शन भरतं. ही दुर्बीण रेडिओ लहरी टिपते, म्हणून परिसरात मोबाइल बंद ठेवायला सांगतात, ते पाळा. परवानगी नसेल तरी रस्त्यावरून अँटेना छान दिसतात. मुलांना तेवढंही पुरतं.

वेळ उरला तर आळेफाट्याहून नगर रस्त्याने आणे घाटाकडे जा. गुळुंचवाडीला रस्त्यालगत निसर्गतः तयार झालेला दगडी पूल आहे. ओढ्याच्या पाण्याने खालचा मऊ खडक कोरत नेला आणि वरचा कठीण थर कमानीसारखा उरला. खाली मळगंगेचं मंदिर आहे. कुकडीकाठचं बोरी बुद्रुक अभ्यासूंसाठी. नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची, असं बरेच संशोधक मानतात. काही जण ती त्याहून जुनी ठरवतात. राख उकरून नेऊ नका, थर पातळ आहे आणि पुन्हा येणार नाही. निघोजचे रांजणखळगे याच कुकडीवर, पण बरेच खाली, पारनेर तालुक्यात. ते या प्रवासात कोंबू नका. वेगळे जाल तर धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलेलं नाही ना, हे गावात विचारूनच खडकावर उतरा, पाणी अचानक वाढतं.

परतीला रविवारी दुपारी नारायणगावातून तीनच्या आत निघा. उशीर झाला तर मंचरपासून चाकणपर्यंत रांग लागते. माळशेजने जाणार असाल तर अंधार पडण्याआधी घाट उतरा. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागे उसाची टोकं बाहेर आलेली असतात आणि बऱ्याच गाड्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. रात्री वेग पन्नासच्या आत ठेवा आणि दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत घुसू नका, पुढच्या ट्रॉलीला ओलांडायला जागा मिळेपर्यंत मागेच राहा.